लेकरू चित्र काढायला बसलं की आपण काय करायचं, काय नाही

अंगणवाडीत चित्रकलेचा तास झाला की भिंतीवर पंचवीस मोर लागतात. सगळे एका मापाचे, सगळ्यांचा डोळा एकाच जागी. कापायचं काम ताईंनी केलेलं असतं, कुठं चिकटवायचं तिथं पेन्सिलीने फुली मारलेली असते. लेकराच्या वाट्याला उरतं ते फुलीवर टिकली दाबणं. घरीही फार वेगळं नसतं. आई मुलीचा हात धरून झोपडी, दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून घेते, फोटो काढते आणि ग्रुपवर टाकते.

तीन ते सहा वर्षांच्या लेकराला चित्रातून जे मिळायचं ते बरंचसं कागदावर उरतच नाही. खडू किती दाबला की तुटतो, पिवळ्यात निळा गेला की काय होतं, ओली माती कुठवर ओढली की फाटते, हे त्याच्या हातांना करता करता कळतं. आपण नेमका तोच भाग त्याच्याकडून काढून घेतो आणि कागद देखणा व्हावा म्हणून धडपडतो. यात कुणाचा हेतू वाईट नसतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. मोठ्यांचं काम लेकरू बसण्याआधी भरपूर आहे आणि ते उठल्यावरही आहे. मधल्या वेळात ते फारच थोडं आहे. खालचे टप्पे त्या क्रमाने दिले आहेत. अंगणवाडी ताईंना, पहिलीच्या बाई-गुरुजींना आणि घरातल्या आई-बाबांना, आजी-आजोबांना ते सारखेच लागू आहेत.

आधी एक तपासणी

उद्याच्या तासासाठी जे ठरवलंय त्यात शेवटी सगळे कागद सारखेच दिसणार आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर ते सांगितल्याबरहुकूम करायचं हस्तकाम आहे. घडी घालायला, कात्री धरायला शिकवण्यासाठी ते जरूर घ्या, पण दुसऱ्या दिवशी. छापील चित्रात रंग भरायची वहीसुद्धा त्याच खात्यात जाते.

टप्पा १ : सामान

तासाचं निम्मं यश इथं ठरतं, म्हणून हा टप्पा सगळ्यांत लांब आहे.

*कागद.* तीन वर्षांच्या लेकराची रेघ खांद्यातून येते. ती वहीच्या पानावर मावत नाही आणि मग आपण “बाहेर जाऊ देऊ नको” म्हणत बसतो. कागद मोठा द्या. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, पोस्टरची कोरी बाजू, दुकानातल्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा, नाहीतर खळीने जोडलेली दोन वर्तमानपत्रं चालतात. छापील अक्षरांवर लेकरं बिनदिक्कत रंगवतात. कोराच कागद हवा, हा हट्ट आपला असतो. सिमेंटच्या, खताच्या गोण्यांचे कागद मात्र झटकून-पुसूनही घेऊ नका.

कागद नसेलच तर ओसरीतली शहाबादी फरशी आहे. नुसत्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने तिच्यावर रेघ ओढली की ती गडद उमटते, सुकते आणि पुसली जाते. ज्या लेकराला चुकायची धास्ती वाटते त्याच्यासाठी याहून चांगलं पहिलं सामान मला माहीत नाही.

*खडू.* जाड मेणाचे खडू घ्या, वरचा कागद सोला आणि खडू मधोमध मोडा. नवा खडू मोडताना जीव हळहळतो, तरी मोडा. तुकडा आडवा धरून घासता येतो आणि लहान असल्यामुळे तो बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. “पेन्सिल नीट धर” असं शंभरदा सांगून जे होत नाही ते या तुकड्याने हळूहळू होतं. बारा रंगांची पेटी एकदम पुढे ठेवू नका. तीन रंग पुरेत.

*रंग.* घरचा बोटरंग असा करा:

१. १ वाटी मैदा १ वाटी गार पाण्यात कालवा. गुठळी राहता कामा नये.
२. ३ वाट्या पाणी उकळायला ठेवा आणि त्यात हे कालवण हळूहळू ओता. हात थांबवू नका.
३. मंद आचेवर चकाकी येईपर्यंत घोटा. खळ गार होऊ द्या.
४. तीन वाटग्यांत वाटून एकात हळद, एकात गेरू आणि एकात कोळशाची बारीक पूड मिसळा.

थंडीत ही खळ दोन दिवस टिकते. मार्चनंतर दुसऱ्याच दिवशी आंबते, म्हणून तासापुरतीच करा. लेकरांच्या हाती देण्याआधी आपलं बोट बुडवून ती पूर्ण गार झाली आहे ना ते बघा. वरून गार लागते आणि तळाशी चटका देते.

हळदीची एक गंमत आहे. एका वाटीत साबणाचं पाणी ठेवा आणि काही सांगू नका. कुणाचं तरी बोट हळदीतून त्या पाण्यात जाईलच आणि पिवळा लाल होईल. “ताई, रगत!” अशी आरोळी उठली की समजा, तास लागला. पुढच्या वेळी लिंबाचा रस ठेवा, लाल पुन्हा पिवळा होतो. हे आपण आधी करून दाखवलं तर लेकरांच्या लेखी तो फक्त ताईंचा खेळ राहतो.

*ब्रश.* कडुलिंबाच्या काडीचं टोक दगडाने ठेचा, पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काडीला कापूस गुंडाळा, ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा सोलून द्या. प्रत्येकाची रेघ वेगळी येते. चिपाडाच्या सालाची धार ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांचं.

*माती.* आपल्याकडची काळी माती हाताला छान लागते, पण ती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते. म्हणून लेकरांचे बैल दुसऱ्या दिवशी तडकतात. माती वाळवून कुटा, चाळणीने चाळा, रात्रभर भिजवा आणि सकाळी थोडी बारीक वाळू घालून चांगली मळा. तडे कमी होतील, बंद होणार नाहीत. गावात कुंभार असेल तर त्यांच्याकडची मळलेली माती उत्तम. एका लेकराला मोसंबीएवढा गोळा लागतो. लिंबाएवढ्या गोळ्यातून फक्त गोळ्या आणि साप होतात.

> सावधान
> – फवारणी झालेल्या कापसाच्या, सोयाबीनच्या शेतातली माती आणू नका.
> – लाल रंगासाठी हळदीत चुना मिसळू नका. चुन्याने कातडी भाजते, डोळ्यात गेला तर इजा होते.
> – होळीचे सुटे रंग नकोत. रांगोळीची बारीक पूड फुंकायला, उधळायला देऊ नका, ती छातीत जाते.
> – चिकटवायला डाळी, बिया, मणी दिले तर नजर हटवू नका. हरभरा नाकात घालणारं लेकरू प्रत्येक अंगणवाडीत असतं. तीन वर्षांखालच्या लेकरांना असलं सामान देऊच नका. गुंजा आणि एरंडीच्या बिया विषारी असतात, त्या वर्गात आणायच्याच नाहीत.
> – पानं-फुलं गोळा करताना गाजरगवत, रुई, कण्हेर, धोतरा टाळा.

टप्पा २ : जागा, पाणी, वेळ

सांडलं तर चालेल अशी जागा निवडा. सांडायची भीती असली की आपलं तोंड आपोआप “हळू, हळू” म्हणत राहतं आणि लेकराचा हात आखडतो. ओसरी किंवा झाडाची सावली चांगली. अंगावर मोठ्या माणसाचा जुना शर्ट उलटा घाला, बटणं पाठीवर. हळदीचा डाग निघत नाही हे पालकांना आधीच सांगून ठेवा.

पाण्याचा विचार आधी करा. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथं “रंग नको, हात धुवायला पाणी नाही” हे कारण खरंच असतं. हात आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग पहिल्या बादलीत खळबळा, मग दुसऱ्या बादलीत. दोन अर्ध्या बादल्यांत आठ लेकरांचे हात निघतात. पहिल्या बादलीतलं पाणी झाडाला घाला, पण साबण झाला असेल तर नको. टंचाईच्या दिवसांत सुके खडू, कोळसा आणि फाडलेले कागद यांवर भर द्या.

एका वेळी सहा ते आठ लेकरं बसवा. सेविका एका गटाबरोबर, मदतनीस बाकीच्यांबरोबर गाण्यात-खेळात. पंचवीस जण एकदम बसले की शिस्त सांभाळण्यातच वेळ जातो आणि बघणं राहून जातं. तासाची वेळ अर्धा-पाऊण तास धरा, पण लेकराला बांधून ठेवू नका. एखादं पाच मिनिटांत “झालं” म्हणून उठतं, एखादं डबा खायलाही उठत नाही. दोन्ही ठीक.

> तपासा : सामान मांडून झाल्यावर स्वतः जमिनीवर बसून हात पुढे करा. सगळं लेकराच्या हाताला पोचतं का? दर वेळी “ताई, लाल द्या” म्हणावं लागत असेल तर मांडणी बदला.

टप्पा ३ : सुरुवात

फळ्यावर चित्र काढू नका. नमुना दाखवू नका. “असं नाही, पण साधारण असं” हासुद्धा नमुनाच.

दाखवायचं ते फक्त हत्यार. काडी रंगात कशी बुडवायची, वाटीच्या काठाला कशी निथळायची, कुठं परत ठेवायची. तीन गोष्टी, एक मिनिट. मग म्हणा, “आज हे आहे. करा सुरू.” सुरुवातीला काही लेकरं गप्प बसून राहतील. ज्यांना आजवर प्रत्येक गोष्ट सांगून करायला लावली ती नक्कीच बसतील. त्यांना तसंच बसू द्या. पाच मिनिटांत शेजारच्याचं बघून हात हलतो. शेजारच्याचं बघून करणं या वयात चोरी नसते.

विषय द्यायचाच असेल तर अनुभव द्या. पोळ्याच्या आठवड्यात बैल करायचे असतील तर आधी कुणाच्या तरी गोठ्यावर जा. वशिंडावर हात ठेवू द्या, शिंगाला लावलेला हिंगूळ बघू द्या, घुंगरांचा आवाज ऐकू द्या. परत आल्यावर मातीचा गोळा द्या आणि ‘बैल’ हा शब्दही काढू नका. कुणाचं नुसतं वशिंड होईल, कुणाची फक्त माळ. एखादं लेकरू शेणच करेल. त्याने ते नीट पाहिलेलं असतं.

टप्पा ४ : चालू असताना

सगळ्यांत जास्त चुका इथं होतात आणि सगळ्या आपल्या हातांनी आणि तोंडाने होतात.

*हात.* मांडीवर ठेवा किंवा मागे बांधा. लेकराच्या कागदावर आपली एकही रेघ नको. सुधारलेला डोळा नको, पूर्ण केलेला गोल नको. डावरं असेल तर खडू उजव्या हातात देऊ नका.

साडेतीन-चार वर्षांचं लेकरू माणूस काढतं तेव्हा बहुतेक वेळा मोठं डोकं आणि डोक्यातूनच निघालेले हात-पाय असतात. त्याआधी नुसत्या गिरगोट्या असतात. त्याला पोट कुठं असतं हे माहीत नाही असं नाही, विचारलं तर ते स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवतं. ही वाढीची पायरी आहे, दुरुस्त करायची चूक नव्हे. आपण पोट काढून दिलं तर ते आपलं पोट गिरवतं आणि स्वतःचा माणूस काढायचं थांबवतं.

*तोंड.* दोन वाक्यं जिभेवर फार चटकन येतात.

पहिलं, “काय काढायलीस गं?” बऱ्याचदा ती काहीच ‘काढत’ नसते, हात फिरवत असते आणि ते पुरेसं असतं. विचारलं की ती बिचारी घाईघाईने “घर” म्हणते आणि मग ते घर दिसत नाही म्हणून हिरमुसते.

दुसरं, “छान! खूप छान!” हे सतत मिळालं की लेकरू कागदाऐवजी आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. चार रेघा मारल्या की कागद घेऊन येतं, “ताई, छान झालं का?” मन मोडू नये म्हणून आपण पुन्हा छान म्हणतो. असे फेरे किती होतात ते एका तासात मोजून बघा. ते कमी होत गेले की तुम्ही बरोबर चाललात.

मग बोलायचं काय? जे दिसतं ते. “ही रेघ पार कडेपर्यंत गेली.” “इथं लई जोर लावलास.” “हा रंग वाटीत नव्हता, कसा झाला?” आणि बराच वेळ काहीच नाही. शेजारी बसून लक्ष देऊन बघणारं मोठं माणूस लेकराला पुरतं.

एका तासात एका मुलीने कागदावर आधी खूप उभ्या रेघा मारल्या. मग कडेला एक मोठा ठिपका दिला आणि तोंडाने घुर्र आवाज करत सगळ्या रेघा निळ्याने झाकून टाकल्या. “टँकर आलंय, समदे पळायलेत,” ती स्वतःशीच पुटपुटत होती. शेवटी कागदावर निळा गिचमिडा उरला. तास संपल्यावर येऊन फक्त कागद बघणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं. म्हणून हातात छोटी वही ठेवा आणि असं काही ऐकू आलं की तिच्याच शब्दांत टिपून घ्या.

*“ताई, मला येईना. तुम्हीच काढून द्या की.”* या वाक्यावर भलेभले विरघळतात. क्रम असा ठेवा:

१. जवळ बसा. खडू हातात घेऊ नका.
२. “तुला गाईचं काय आठवतं?” असं विचारा. ते म्हणेल, “शिंगं.”
३. “शिंगं कशी असतात, हवेत बोटाने दाखव.” ते दाखवतं.
४. “तेच कागदावर कर.” बहुतेक वेळा इथं रेघ येते.
५. नाहीच आली तर कागद बाजूला ठेवा आणि माती किंवा पाण्याचा ब्रश द्या.

एकदाच म्हणून गाय काढून दिली तर पुढच्या आठवड्यात ते लेकरू तुमच्या गायीशी आपली तुलना करतं आणि खडूच उचलत नाही.

सगळे रंग मिसळून चिखल झाला? होऊ द्या. म्हणूनच वाट्यांत रंग थोडाच ठेवायचा. अख्खा कागद काळा केला? पांढऱ्यावर काळा खडू सगळ्यांत ठळक उमटतो, म्हणून लेकरांना तो आवडतो. एका काळ्या कागदावरून मनात काय चाललंय याचे अंदाज बांधू नका. कागद फाडला? फाडलेले तुकडे चिकटवायला खळ द्या. थांबवायचं ते फक्त तोंडात, डोळ्यात घालणं, दुसऱ्याला मारणं आणि दुसऱ्याच्या कागदावर जाणं.

टप्पा ५ : संपवणं

वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगा. एकदम “चला, आवरा” म्हटलं की रडारड होते आणि ती रास्त असते. चित्र झालं की नाही हे लेकराने ठरवायचं. “इथं कोरं राहिलंय, भर की” हे वाक्य गिळून टाका. अर्धं राहिलं असेल आणि उद्या करायचं असेल तर तसं ठेवायची सोय करा.

नाव आणि तारीख मागच्या बाजूला लिहा. लेकराला काही सांगायचं असेल तर ते जसंच्या तसं लिहा. “ढग यायलेत” म्हटलं तर “ढग येत आहेत” करू नका. तांड्यावरच्या घरात बंजाऱ्यांची गोरबोली असेल, कुणाची दखनी, देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड. शब्द त्यांचेच राहू द्या.

मग आवराआवर लेकरांबरोबर करा. काड्या धुणं आणि फडकी पिळणं त्यांना चित्राइतकंच आवडतं.

टप्पा ६ : लावणं, जपणं, पालकांना सांगणं

लावायचे तर सगळ्यांचे कागद लावा, नाहीतर कुणाचेच नको. निवडक ‘चांगले’ लावले की उरलेल्यांना निकाल कळतो. दोरी लेकराच्या डोळ्याच्या उंचीला बांधा. ज्याला लावायचं नाही त्याचं लावू नका.

बक्षीस, चांदणी, पहिला-दुसरा नंबर या वयात नको. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर झालेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आधी सांगितलं होतं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळाल्यानंतरच्या दिवसांत ही मुलं मोकळ्या वेळात रंगीत पेनांकडे बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपासच वळली. 15 ऑगस्टला गावात स्पर्धा ठेवायचीच असेल तर मोठ्या वर्गांसाठी ठेवा आणि लहानांना ओट्यावर नुसता रंगकाम करायचा दिवस द्या.

प्रत्येक लेकराची एक पिशवी करा आणि कागद तारखेप्रमाणे ठेवा. तीन महिन्यांनी ते ओळीने मांडा. रेघेचा जोर, बंद झालेला पहिला गोल, त्यात आलेले ठिपके असं सगळं दिसतं. पालकांना, तपासणीला आलेल्या मॅडमना दाखवायचं ते हे, भिंतीवरचा मोर नव्हे.

पालकांची तक्रार येतेच: “आमच्या पोराने नुसत्या रेघोट्या मारल्यात. शाळेत काय शिकवता?” भाषण देऊ नका. पालकसभेत त्यांनाच दोन गटांत बसवा. एका गटाला मोराची कापलेली पानं आणि फुल्या द्या, दुसऱ्याला खळीचा रंग आणि मोठा कागद. दहा मिनिटांनी विचारा, हात कुणाचे जास्त चालले आणि बोलणं कुठं जास्त झालं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची काळजी कुणी काढली तर सांगा की त्या माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी आहेत. तिथं लागणारा हात आणि नजर आत्ताच्या रेघोट्यांतून तयार होते.

ग्रुपवर फोटो टाकायचा तर रंगाने भरलेल्या हातांचा टाका. खाली लेकराने म्हटलेलं वाक्य लिहा.

पुढच्या आठवड्यात काय?

तेच सामान. दर वेळी नवीन काहीतरी आणायची घाई ही शेवटची मोठी चूक. पहिल्या वेळी लेकरू सामान ओळखतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते त्याला सुचतं. महिनाभर तेच ठेवा आणि बदल एका वेळी एकच करा. कधी कागद आडव्याऐवजी भिंतीवर उभा लावा, कधी काडी लांब द्या, कधी तीन रंगांतला एक काढून दुसरा ठेवा. काय बदललं आणि त्याचं लेकरांनी काय केलं ते वहीत लिहा. त्याच पानावरून त्यापुढच्या तासाचं सामान ठरवा.